बेबी ऑफ

माझं काम सोपं आहे.
सकाळी सातला, सिस्टरांची शिफ्ट बदलायच्या आत,
लंगोटातलं बोटाच्या पेराएवढं
चमच्यानं डबीत घ्यायचं, झाकण लावायचं,
थर्माकोलच्या खोक्यात बर्फावर ठेवायचं
आणि मंगळवार पेठेतून पाषाणला न्यायचं, स्कूटरवर.
विद्यापीठ चौकातल्या सिग्नलला
एकानं विचारलं होतं, "आइस्क्रीम का, मॅडम?"
मी हो म्हटलं.

डबीवर बाळाचं नाव नसतं,
कारण ते ठेवलेलंच नसतं अजून.
बेबी ऑफ सोनल मरगळे.
नऊशे चाळीस ग्रॅम. दिवस अकरावा.

आई म्हणते, चारचौघांत सांगू नकोस काय वाहतेस ते.
तिला मी विरजणाचं उदाहरण दिलं.
दूध तेच, पातेलं तेच,
आत आधी कोण जाऊन बसतं त्यावर सगळं.
बाळाचं पोट म्हणजे नुकतं घासलेलं पातेलं गं.
पुऱ्या दिवसांचं असेल तर आईकडूनच येतात पहिले पाहुणे,
आणि सातमाशाला काचेच्या पेटीत
नळीवरचे, हातमोज्यावरचे, दवाखान्यातले.
त्यांच्यात भांडण लागलं की आतडं जळतं.
वरून काही दिसत नाही.
आई भांडी विसळत म्हणाली,
"नासायच्या आधी वास बदलतो की दुधाचा."
हेच तर, आई.
हेच आम्ही यंत्राला शिकवतोय,
तीन वर्षं झाली, अनुदान संपत आलं.

सोनल वेल्ह्याच्या वरच्या वाडीतली.
दर तीन तासांनी वाटीत दूध काढायची,
चार मिली, कधी तेवढंही नाही,
आणि वाटी दोन्ही हातांनी धरून आणायची.
चौदाव्या दिवशी पोट चकाकायला लागलं.
कातडीखाली निळ्या शिरा.
पंधराव्या दिवशी संध्याकाळी
मृत्यूच्या दाखल्यावरही तेच लिहिलं: बेबी ऑफ.

डब्या मात्र राहिल्या. उणे ऐंशीत, खालचा कप्पा.
फेब्रुवारीत त्यांची पाळी आली.
अकराव्या दिवशीच्या डबीत
क्लेब्सिएला नुसता माजलेला,
बाकीचे कुणी शिल्लकच नाहीत.
तीन दिवस आधी.
तीन दिवस आधी डबीला माहीत होतं
आणि ती दोन पायांत धरून मी सिग्नलला उभी होते,
आइस्क्रीम म्हणत.

आता निकाल त्याच दिवशी येतो.
बेबी ऑफ तबस्सुम बागवान, एक किलो पन्नास, दिवस नववा.
दुपारी आकडा फिरला.
मी फोन केला, तर आवाज माझा मलाच ओळखू येईना.
सिस्टर फिलोमिनांनी दूध थांबवलं, सलाईन लावलं,
डॉक्टर दर चार तासांनी पोटाला हात लावून गेले.
पोट मऊ. रंग चांगला. काहीच नाही.
तबस्सुम वाटी घेऊन दारात:
"उपाशी का ठेवलं माझ्या पोरीला?
तिला झालंय काय?"
झालं नाहीये, हेच सांगायचं होतं.
जमलं नाही. मी डॉक्टर नाही,
आणि यंत्र चुकलंही असेल. दहात तीनदा चुकतं.

चौथ्या दिवशी दूध पुन्हा सुरू. एक मिली.
काही येऊन गेलं, की आलंच नव्हतं,
कुणालाच कळणार नाही.
अहवालात त्यासाठी रकाना नाही.

आज सकाळी ती माझ्या शेजारी उभी राहिली, डबीकडे बघत.
"यावर काय लिहिता?"
वाचून दाखवलं.
"हे तर माझं नाव झालं. तिचं इक़रा."
नियम असा की नावं लिहायची नाहीत.
मी कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलं, बारीक.
गोठल्यावर शाई फिसकटते.
पेन्सिल टिकते.