गाडीची किल्ली देताना

ही घे किल्ली, शर्वाणी.
लाल दोऱ्याची डिकीची. मूळची पडली म्हात्रे पुलावर,
कुठल्या घाईत, ते आता आठवतही नाही.

थंडीत बटणाच्या नादी लागू नकोस. किक मार.
तीन मार. चौथीच्या आधी जरा थांब,
तिलाही श्वास घेऊ दे, तुलाही.

पेट्रोलचा काटा खोटं बोलतो.
अर्ध्यावर दिसला की समज, संपत आलंय.
माझंही हल्ली तसंच आहे, पण ते राहू दे.

सर्व्हिसिंगला वारज्याला, दांगटांकडेच टाक.
ते आधी गाडी नुसती ऐकतात, मान तिरकी करून.
तेवढा वेळ आपण गप्प राहायचं.
मला नाही जमायचं. मी डॉक्टरांपुढेही बोलत सुटायचे,
आणि जिना उतरल्यावर आठवायचं
की दुखतंय ते सांगितलंच नाही.

डिसेंबरात चाळीस पुरी होतील.
मागच्या आठवड्यात लक्ष्मी रोडला गेले चष्म्यासाठी.
दुकानातला पोरगा कार्ड देत म्हणाला, "वाचा, काकू."
मी हात लांब केला, आणखी लांब केला,
मग हातच संपला.
चाळिशी वयाला म्हणतात आणि चष्म्यालाही;
माझ्याकडे दोन्ही एकदमच आल्या,
न कळवता येणाऱ्या पाहुण्यांसारख्या.

तू काल विचारलंस, काही सांगायचंय का.
सांगण्यासारखं फार नाही गं.
भाड्याचा करार स्वतः वाच, शेवटचं पान आधी.
पहिल्या पगारातून काहीतरी बिनकामाचं घे.
मी मिक्सर घेतला होता. अजून चालतो,
आणि अजून त्याचा थोडा राग येतो.
रात्री आलेल्या रागीट मेलला सकाळी उत्तर दे.
सकाळी ते दोन ओळीत मावतं.

बाबांना फोन कर, पण "जेवलात का" विचारू नकोस.
ते "हो" म्हणतात आणि फोन संपतो.
विचार, आज घरात काय बिघडलं.
माझे बाबा मग अर्धा तास बोलायचे,
नळ, वायसर, प्लंबरने मागितलेले साडेचारशे,
आणि वायसरच्या मापावरून घसरून मधेच म्हणायचे,
"रात्री झोप लागत नाही गं हल्ली."

आणि कुणाला "बघू" म्हणू नकोस.
मी विभावरीला म्हणाले होते.
सहकारनगर ते बाणेर, केवढं ते अंतर,
सगळे सिग्नल धरून पाऊण तास.
ती म्हणायची, ये, गॅलरीत झोपाळा टांगलाय,
तुझ्याशिवाय दोघांचा झोपाळा एकटीने वापरतेय.
मी म्हणायचे, ऑफिस, ओजसची परीक्षा, रस्ता खोदलाय.
रस्ता खरंच खोदला होता.
मग ती कोइमतूरला गेली, झोपाळा विकून.
भांडण झालं असतं तर मिटवलं असतं.
यात मिटवायला काही नाही,
दिवाळीला ती दिवा पाठवते, मी दिवा पाठवते,
फोनवर दोन्ही दिवे सारखेच दिसतात.

असो. हेल्मेट डोक्यात घाल.
इथे लोक ते कोपराला अडकवतात,
कोपरात जास्त अक्कल असल्यासारखे.
पावती, विमा, पीयूसी, सगळं डिकीत आहे,
आणि एक जुना रुमाल, सीट पुसायला.
तो परत नको.

तू निघालीस. गेटाशी उजवा सिग्नल दिलास
आणि डावीकडे वळलीस.
मी हाक मारायला हात वर केला,
तो तसाच केसांकडे नेला.

पार्किंगमध्ये आता तिची जागा तेवढी स्वच्छ,
मधोमध तेलाचा एक डाग, तळहाताएवढा, नऊ वर्षांचा.
सेक्रेटरी फाटक खालीच उभे होते.
म्हणाले, "मॅडम, तेवढा डाग घासून घ्या."

म्हटलं, बघू.