धरता

शाणू गावस, वय एकेचाळीस, सत्तरी.
हुर्राकाचं भाण फुटलं एप्रिलच्या पहाटे,
छातीपासून मांडीपर्यंत.
बाकी फाइलीत आहे.

माझ्याकडे तो आला तो एवढाच:
काखेतून काढलेला, टपालाच्या तिकिटाएवढा,
डबीत, बर्फावर, नाव लिहून.
तिकिटावरून अख्खं पत्र वाढवायचं, हे माझं काम.

बांबोळीच्या टेकडीवर, दोन दारांपलीकडे,
सदतीस अंशांचं एक कपाट.
त्यात चपट्या बाटल्या आडव्या निजलेल्या,
तळाशी गुलाबी पाणी, नखभर खोल.
पिवळं पडलं की समजायचं, भुकेल्यात.
रविवारी जावं लागतं. फेस्ताच्या दिवशीही.

बाबा अगरवाड्याला मिठागरात होते.
तिथेही हेच: चौकोन, बांध, उथळ पाणी
आणि वाट बघणं.
मीठ धरू लागलं की वर साय येते,
काचेहून पातळ.
तेव्हा आम्हा पोरांना बांधावर धावायची बंदी.
"हालयनाकात रे. धरता."
त्यांच्या टाचांना भेगा, भेगांत मीठ.
रात्री आई खोबरेल लावायची तेव्हा
ते काही बोलत नसत,
पाय तेवढा मागे घेत, किंचित.

आता मी सूक्ष्मदर्शकावर ओणवते, श्वास रोखून.
कोपऱ्याकडे पेशी एकमेकींना भिडल्यात,
मधे अजून उघडं मैदान.
धरता, म्हणते.

"ही कोणाची कात?" त्याच्या बायकोने विचारलं,
सत्यवती, हातात पेजेचा डबा.
"तांचीच."
"सगळी?"
खालचं अंथरूण उंदराच्या पेशींचं असतं
हे त्या दिवशी सांगवलं नाही.
सही केलेल्या कागदात होतं, पण कागद कोण वाचतं.
दुसऱ्या दिवशी सांगितलं.
ती बराच वेळ डब्याचं झाकण फिरवत राहिली.
मग म्हणाली, "उंदीर दर वर्सा आमचे काजू खातात.
फिटलें म्हण."

एकविसाव्या दिवशी थर सुटला, अखंड,
ओल्या टिपकागदासारखा, त्याहून हळवा.
व्हॅसलीनच्या जाळीवर उचलला.
वरची बाजू कुठली, हे विसरायचं नसतं.
डॉक्टर मिनेझिशनी तो हातात घेतला
तेव्हा थिएटरातला रेडिओ कुणीतरी बंद केला.

सगळा लागला नाही.
डाव्या बरगडीवरचा तळहाताएवढा तुकडा
चौथ्या दिवशी पट्टीबरोबरच आला.
तिथे मांडीची कातडी लावली, जुन्या रीतीने.
बाकीचा राहिला.

ऑक्टोबरात शाणू दाखवायला आला,
वाळपईहून दोन बसगाड्या बदलून.
शर्ट पाठीला चिकटलेला, मानेवरून धारा.
बटणं सोडली तर पुढे
गुलाबी, चकचकीत, एक केस नाही,
आणि कोरडं ठणठणीत.
"बाये, हांगा घाम येना."

घामाच्या ग्रंथी आम्हाला अजून जमत नाहीत, मी म्हटलं.
भट्टीपुढे बसू नका. उन्हातही जपून.
"मागीर हांवें करचें कितें?"
खोबरेल लावा, म्हटलं. दिवसातून दोनदा.

मिठागरवाल्याची मुलगी मी,
आणि वाढवली ती ही,
जिच्यावर मिठाचा कण धरत नाही.

त्याने माझं बोट धरून छातीवर टेकवलं,
बघा म्हणाला.
गरम होती.
सदतीस, साधारण.

परतले तेव्हा दुसऱ्या कुणाची तरी बाटली
पिवळी पडत होती.