कारण एका ओळीत लिहा

फॉर्मवर कारणासाठी एकच ओळ आहे,
साडेचार इंच. मी पट्टीनं मोजली.

बाहेर अठरा अंश होते. हे आधी लिहायला हवं,
कारण अठरा अंशांना कुणी बर्फाचं नाव काढत नाही,
रास अल खैमात तर नाहीच.
इथं बर्फ म्हणजे जेबेल जैसच्या माथ्यावरची बातमी:
रात्री गारा पडल्या, आणि पहाटेपासून
घाटात गाड्यांची रांग, कठड्यावरचा पांढरा थर खरवडून
मुलांच्या तळहातावर ठेवणारे बाप.
मीही सकाळपासून डोंगराकडंच बघत होतो.
ढगात शिरायचं नाही, पंखांवर नजर ठेवायची,
दोनदा बजावलं होतं स्वतःला.
काखेत कळसा.

खाडीवर आलो तेव्हा पाचशे फूट.
धुकं नुकतंच उठलेलं, हवा ओल्या टॉवेलासारखी.
डॉक्टर लतीफा खिडकीला नाक लावून रोहित पक्षी मोजत होत्या,
दर दहाला एक बोट मिटत.
"अजून हळू," म्हणाल्या. मी इंजिन कमी केलं.
टॉवरनं फ्रिक्वेन्सी बदलायला सांगितली,
एक आकडा मी चुकीचा फिरवला,
भलत्याच कुणाच्या अरबी गप्पा ऐकल्या, परत फिरवला.
जैसकडं निघालेलं एक हेलिकॉप्टर, माझ्याच उंचीवर.
दिसलं? नाही. आता? नाही.
नकाशा घसरून पायाशी गेला.
इंधन किती, वारा कुठून, एकशे नव्वद, दोनशे,
त्यांचं मोजणं माझ्या हिशेबात शिरलं.

आणि या सगळ्यात माझा उजवा हात
थ्रॉटल थोडा पुढं सारत होता.
मग पुन्हा थोडा.
काटा एकवीसशेवरून घसरायचा, हात त्याला परत आणायचा,
मला न विचारता,
झोपेत पायाशी गेलेली चादर ओढावी तसा.
तीन वेळा. कदाचित चार.
सोळा वर्षांत कमावलेला हात,
त्यानंच माझ्यापासून गोष्ट लपवली.

माठाचं गणित आहे हे.
पाणी उडून जातं, गारवा मागं ठेवतं.
कार्ब्युरेटरच्या नळीत पेट्रोल उडतं, आणि माठ इतका गार होतो
की दमट हवेचाच बर्फ होतो
आणि गळा धरतो, आतून.
मी हे शिकवतो. फळ्यावर माठ काढून शिकवतो.

इंजिन खोकलं तेव्हा लतीफा म्हणाल्या, दोनशे चाळीस.
मी गरम हवेची मूठ ओढली.
काटा आणखी पडला.
इथं खरं तर वेगळी ओळ हवी:
बर्फ वितळतो, ते पाणी इंजिन गिळतं, थरथरतं,
आणि सगळं अंग ओरडतं, तूच बिघडवलंस, ढकल ती मूठ परत.
हात निघालाही होता.
मी डाव्या हातानं त्याचं मनगट धरलं.
म्हणजे काही सेकंद विमान कुणीच चालवत नव्हतं,
हेही लिहायला हवं.
खाली खारफुटी, चिखल, आणि आमच्या खोकण्यानं
एकदम उठलेलं सगळं गुलाबी.
लतीफांचं मोजणं थांबलं. मग मी मोजलं.
अकराला आवाज सुधारला.

उतरल्यावर थंकचननं झाकण उघडलं,
बॅटरी मारली आत. नळी कोरडी, गरम, निर्दोष.
"सर, इथं काहीच नाही."
मीही बोट घालून बघितलं.
चटका बसला.

'वैमानिकाची चूक' लिहिलं तर ओळीत मावतं,
वर अडीच इंच उरतात.
दुपारपासून त्या अडीच इंचांशी बसलोय.
मघाशी लतीफांचा निरोप आला:
पक्षी दोनशे चाळीसवर अडकलेत, गुरुवारी परत न्याल का?
मी फोन पालथा ठेवला.
आधी ही ओळ.