पाचवीच्या आधीचा

नार्वाला नोव्हेंबरात चार वाजताच अंधारतं.
रोस्तिस्लावच्या स्वयंपाकघरात, बटाट्यांच्या पोत्याशेजारी,
सर्व्हर उघडा पडलाय.
चिपच्या पाठीवर नाव नाही,
नुसतं ‘गोपनीय’ आणि एक नंबर.
कारखान्यानं चाचणीपुरती जन्माला घातलेली,
शेन्झेनहून आली, लोकरी मोज्यात गुंडाळून.

दोन वर्षं चालली बिनबोभाट.
काल त्यानंच नवं फर्मवेअर चढवलं,
सुरक्षेसाठी म्हणे.
तेव्हापासून पंखे भणभणतात, थांबतात,
पुन्हा भणभणतात.
बोर्डावर दोन लाल शून्यं,
पुढे काही नाही.

आमच्याकडे सटवाई पाचव्या रात्री येते
आणि एकदाच लिहून जाते.
हिचं तसं नाही. वीज गेली की कपाळ कोरं,
वीज आली की पुन्हा मायक्रोकोड लिहायचा.
नव्या वहीत हिच्या पिढीचं पान गाळलंय, एवढंच.
मुद्दाम नसेल.
जागा कमी पडली असेल.

“यादीत नाही,” तो म्हणतो आणि हसतो.
त्याचा स्वतःचा पासपोर्ट राखाडी,
नागरिकत्वाच्या रकान्यात: अनिश्चित.
जन्मला इथेच, नदीच्या याच काठाला,
वही बदलण्याआधी.

मग ड्रॉवरमधून आठ दातांची क्लिप येते,
मेमरीच्या आठ पायांवर हळूच बसते.
जुनं फर्मवेअर परत भरायचं.
बारा मिनिटं. चहा निवतो.
शून्यं हलतात. बासष्ट. एकोणऐंशी.
मी श्वास सोडते.
तो नाही.
“आता हिला कधीच अपडेट नाही,”
एवढं बोलून खिडकीची फट
वर्तमानपत्रानं बुजवत बसतो.