घरला जायची घाई

उदगीर. एप्रिल. मीटरचा काटा अडतीस ओहमवर.
मन्मथअप्पा चष्मा कपाळावर सरकवून म्हणतात,
"बाई, हे अर्थिंग न्हाई. हे नुसतं पुरलेलं तांबं हाय."

खरंय. दिवाळीत सहा होता आकडा.
तेव्हा काळी ओली होती, सळईला बिलगून होती.
आता अशी भेगाळलीय
की फूटपट्टी आख्खी आत जाते, वर बोटभरही उरत नाही,
आणि मातीनं सळईचा हात सोडलाय.

चार फूट काळी, खाली मुरूम, त्याखाली पाषाण.
पाषाणाशी अप्पांनी दोन दिवस पहारीनं बोलणी केली.
त्यांच्या डाव्या हाताला तीनच बोटं.
दोन अकरा केव्हीनं नेली, जळकोटच्या फीडरवर,
मी नोकरीला लागायच्या आधी.
राग नाही, तक्रार नाही :
"करंट वाईट नसतो, बाई.
त्याला घरला जायची घाई असती.
मधी आपुन हुभं राहिलाव तर चूक आपली."

मग थर. कोळसा, मीठ, कोळसा, मीठ.
वाण्यानं विचारलं, "एवढं लोणचं घालताय?"
म्हटलं, हो, विजेचं.

एक्सचेंजात एकतीस वर्षं दुसऱ्यांची बोलणी जोडली मी,
आणि जोडली की कान काढून घ्यायचा, हा नियम.
आता माझी स्वतःची एक तार आहे
शेवग्यापासून टाकीपर्यंत ताणलेली,
आणि पाच अक्षरांचं सरकारी नाव.
पण प्रत्येक आवाजाच्या खाली एक घरघर यायची.
गिरणीची म्हणावी, तर गिरणी सोमवारी बंद.
माईकला ओठ लागला की बारीक चटका,
कुणी दटावल्यासारखा.

"दोन अर्थ हाईत तुमच्या घरात," अप्पा म्हणाले.
एक मीटरबोर्डाचा, एक रेडिओचा,
आणि दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही.
"वीज पडली तर दोघं भांडत्याल,
अन् भांडण जाईल तुमच्या अंगातून."

मी काही बोलले नाही.
असं घर मी बघितलंय. त्यात वाढलेय.

तांब्याची जाड पट्टी भिंतीच्या कडेनं नेली,
कोपऱ्यावर न मोडता, सैल वळण देऊन;
विजेला काटकोन आवडत नाही म्हणे.
दोन्ही खड्डे जोडले, सगळ्या तारा एका पट्टीवर आणल्या.
वर अप्पांनी लाल रंगानं लिहिलं : अर्थ.
रफार जरा जास्तच उंच गेला.

नळाला पाणी बाराव्या दिवशी.
खड्ड्याला रोज एक बादली.
हा हिशेब पुस्तकात कुठंच नव्हता.
तांदळाचं धुवण, भांड्यांचं शेवटचं पाणी,
पाहुणे उठले की पेल्यांच्या तळाशी उरलेलं.
रेहानाआपा गच्चीवरून वाकतात,
"क्या लगाए जी उधर? उगता तो कुछ नहीं."
आपा, हे खाली जायला हवं. वर नाही.

अठरा. चौदा. काल नऊ.
घरघर कधी गेली ते कळलंच नाही,
दुखणं गेलेलं कळत नाही तसं.
पहाटे चाळीस मीटरवर दिब्रुगढचा कुणी म्हातारा खोकला.
आधी खोकला पोचला, नाव मागाहून.

आज संध्याकाळी बिदरच्या अंगाला आभाळ जांभळं झालं.
अर्ध्या वाक्यातच त्र्याहत्तर म्हटलं,
सेटमधून तार उपसली,
आणि बाहेर पट्टीच्या बोल्टाला अडकवून दिली.
पाऊस आलाच नाही. नुसत्या विजा, दूरवर,
कुणीतरी वाट चाचपडत असल्यासारख्या.
अंधारात खाटेवर बसले, पाय वर घेऊन,
आणि आपण कुणाच्या वाटेत उभे नाही ना,
एकदा बघून घेतलं.