साध्या डोक्याची

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जोडी घेतली मी बदकांची.
दोघांच्याही डोक्यावर तुरा,
फुटलेल्या कापसाच्या बोंडासारखा, अगदी मधोमध.
विकणारा म्हणाला, असली जोडी परत मिळायची नाही.
खरं होतं ते.
मिळूच नये.

खुडूक कोंबडीखाली तेरा अंडी ठेवली.
कोंबडीला काय, गोल आणि गरम एवढंच कळतं तिला.
सातव्या रात्री कोलवाळची वीज गेलेली,
टॉर्चवर एकेक धरून पाहिलं:
दोन पोकळ,
बाकीच्यांत तांबड्या शिरा, कोळ्याच्या पायांसारख्या.
अठ्ठाविसाव्या दिवशी सात पिल्लं निघाली.
चार अंडी तशीच.
तिसाव्या दिवसापर्यंत मी कान लावून बसत होते,
शाळेला उशीर झाला दोनदा.

ती चार स्टीलच्या डब्यात घातली,
मांडवी ओलांडली, जुवारी ओलांडली,
आणि कुडतरीला कुस्तोदियो सिकेराच्या बल्कांवावर
डबा उघडला.

हा माणूस तीस वर्षं तारवटी होता,
जहाजावर दोनशे माणसांचं जेवण रांधायचा.
त्याने अंडं कठड्यावर टिचकलं, बशीत ओतलं.
आतून पिएदादने धाडकन खिडकी लावली.
"पळय," तो म्हणाला, आणि माडाच्या हिराने दाखवलं:
पिल्लू पुरं झालं होतं.
चोच, नखं, बोटांमधले पडदे.
फक्त डोक्यावर, जिथे हाडाला हाड भेटायचं,
तिथे दार उघडंच.

"तुरा म्हणजे तुला काय वाटलं, मुकुट?
कवटी जिथे नीट मिटत नाही, तिथून उगवतो तो.
आईकडून आला, नाहीतर बापाकडून, तर शोभा.
दोघांकडूनही आला
तर चारातलं एक अंड्यातच राहतं.
बाजारवाल्याने किंमत सांगितली तुला.
हिशेब नाही सांगितला."

त्याच्या तळ्यावर नर तुऱ्याचे,
माद्या सगळ्या साध्या डोक्याच्या.
वहीत तिरपं अक्षर, प्रत्येक पिल्लाला एक ओळ:
तुरा डावीकडे कलला, शाकुती.
पाठ आखूड, शाकुती.
चालताना झोकांडी जाते, शाकुती, लवकर.
साध्या माद्यांचे फोटो कुणी काढत नाही,
पण नावं फक्त त्यांनाच:
दुल्सिना, लुदोविना, एस्मेराल्दा.

तेवढ्यात गाडी आली, कांदोळीच्या कुठल्याशा हॉटेलची.
तळ्यात सोडायला सहा हवी होती,
सगळी तुऱ्याची, पिल्लंही तशीच व्हायला हवीत.
पैसे खिशातून अर्धे बाहेर आलेले.
"नर नेा, देतो. माद्या साध्याच मिळतील."
"साध्या काय, कुठेही मिळतात."
"मग कुठेही जा," कुस्तोदियो म्हणाला,
आणि वही मिटली नाही, बोट पानावरच.
गाडी वळताना बांधावरची पाणकणसं मोडली थोडी.

लुदोविनाला मी टोपलीतून आणलं,
वर ओला पंचा बांधून.
दोन्ही पुलांवर ती एकदाही ओरडली नाही.
माझी तुऱ्याची मादी आता वेगळ्या कुंपणात असते,
तिची अंडी केकमध्ये जातात.
शेजारची रेषा विचारते, एवढी देखणी, आणि हिचीच पिल्लं नकोत?
मी म्हणते, हो, हिचीच नकोत.
हे बोलणं अजून सवयीचं झालेलं नाही.

वही केलीय. पहिलं पान असं:
अंडी अकरा. पोकळ एक.
पिल्लं नऊ; तुऱ्याची पाच, साधी चार.
मेलेलं एक.
फोडून पाहिलं.
डोकं मिटलेलं होतं, व्यवस्थित.
कशानं गेलं, माहीत नाही.
तेही लिहिलं.