सतरावी पेटी

बाबांनी पेट्यांसमोर उभं राहून नाणं उडवलं,
चोवीस वेळा, कोबारिदच्या वरच्या उतारावर,
ऑक्टोबरात, बोटं गारठलेली.
छापा आला तर नवा पाक. काटा आला तर जुनाच.
सतराव्या पेटीला काटा.
ती आईची होती. दर्शनी फळीवर तिनंच रंगवलेला
शिकाऱ्याची दाढी करणारा कोल्हा.
"हिला नवा देऊ ना," बाबा म्हणाले.
मी म्हटलं, नाण्याला तुमची माया कळता कामा नये.
ल्युब्लियानाला शिकली की पोरी असलं बोलतात,
असं ते शेजारच्या लोयझेला सांगून आले.

एप्रिलात दुसरा काटा निघाला, वजनाचा.
बाबा वाचायचे, मी लिहायची.
एकोणीस किलो चारशे. बावीस. सोळा, जेमतेम.
नववी उचलली तर सात: नुसतं लाकूड आणि मेण.
आमच्या भाषेत जनावर मरतं, मधमाशी मात्र वारते,
माणसासारखी.
बाबांनी टोपी काढली, डोक्यावर परत ठेवली,
म्हणाले, "ही खोड वहीतून."
नाही. नववीला नवा पाक दिला होता.
वारलेल्यांनी आपापल्या रकान्यातच राहायचं,
नाहीतर उरलेल्यांचीच सरासरी निघते
आणि उरलेले नेहमी धट्टेकट्टे.

सगळ्यांत जड निघाली सतरावी. जुन्या पाकावर.
बाबा मिशीतल्या मिशीत हसले,
माझ्याकडे नाही, कोल्ह्याकडे बघून.

रात्री स्वयंपाकघरात हिशोब.
नव्या पाकानं पेटीमागे दीड किलो जास्त.
"म्हणजे लागू पडला!"
दीड हा अंदाज, बाबा. खरा आकडा
ढगातल्या क्रनसारखा, आहे तिथंच आहे,
आपण भोवती कुंपण घालतो फक्त:
उणे एकपासून चारपर्यंत.
"उणे?"
तोटाही झाला असेल.
"आणि शून्य?"
शून्य कुंपणाच्या आतच चरतंय.

त्यांनी पाव कापला. बराच वेळ कापत राहिले.
"अठ्ठेचाळीस पेट्या केल्या तर कुंपण अर्धं?"
अर्धं व्हायला शहाण्णव लागतील.
"शहाण्णव!" म्हणत त्यांनी गुडघ्यांवर हात टेकले,
जणू तेवढ्या आत्ताच उचलायच्या होत्या.

सकाळी गोठ्यामागून रंध्याचा आवाज.
पंचविसाव्या पेटीची फळी, अजून कोरी.
नाणं त्यांच्या कोटाच्या खिशात,
किल्ल्यांशी वाजत.